स्किट मिळालं म्हणून नोकरी सोडू का?

प्रश्न कोपरखैरण्याच्या एका चोवीस वर्षांच्या मुलाचा आहे. वडील माथाडी, तुर्भ्याच्या मार्केटला. हा बी.कॉम. झाला आणि ऐरोलीच्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टला लागला. कॉलेजपासून एकांकिका करतोय, विनोदी भूमिकांसाठी दोन बक्षिसं आहेत, आणि आता एका वाहिनीच्या स्किटच्या, म्हणजे छोट्या विनोदी प्रहसनांच्या, कार्यक्रमात एका पर्वासाठी त्याची निवड झाली आहे. नोकरी सोडू का, पैसे कसे मिळतात, हे काम किती वर्षं चालतं आणि विनोदाचं टायमिंग शिकता येतं की ते जन्मतःच असावं लागतं, असे त्याचे चार प्रश्न आहेत.

अरे, शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकी तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

टायमिंग शिकता येतं. मला ते एका वाटीने शिकवलं. मी तेव्हा एका व्यावसायिक नाटकात शेजारीण करत होते. सीन अगदी साधा. मी रिकामी वाटी घेऊन येते आणि म्हणते, "वहिनी, वाटीभर साखर द्या." वहिनी म्हणते, "आणि परवा नेलेली?" मी म्हणते, "तीच वाटी परत आणलीय की." कागदावर वाचताना तालमीत सगळे हसले होते. रंगमंचावर मात्र बारा प्रयोग झाले तरी हशा नाही. मी आवाज चढवून बघितलं, हातवारे केले, प्रेक्षकांकडे तोंड करून वाक्य फेकलं. काही उपयोग नाही.

तेराव्या प्रयोगाआधी, इथेच ठाण्यात गडकरी रंगायतनच्या मेकअप रूममध्ये, वहिनी करणाऱ्या बाईंनी मला बसवलं. म्हणाल्या, "तू विनोद करायला निघालीयस. त्या शेजारणीला तो विनोद आहे हे कुठे माहीत आहे? तिने वाटी परत आणली, म्हणजे तिच्या मते हिशेब मिटला. मी साखरेचं विचारलं की वाटीकडे बघ. खरंच बघ. मग मला सांग." त्या रात्री मी वाटीकडे बघितलं. एक, दोन, असं मनात मोजलंही नाही, फक्त बघितलं. मी तोंड उघडायच्या आतच बाल्कनीतून हशा सुरू झाला आणि वाक्य आल्यावर खालून वर आला.

बरेच दिवस मला वाटत होतं की तो हशा माझा. पुढे कधीतरी त्याच सीनचा व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं. मी वाटीकडे बघत असताना वहिनीचा हात साखरेच्या डब्याच्या झाकणावर होता आणि तो जराही हलला नव्हता. तिने झाकण उघडलं असतं, पदर सावरला असता, नुसती मान हलवली असती, तरी हजार माणसांची नजर माझ्यावरून तिच्यावर गेली असती आणि हशा तिथेच मेला असता. ती थांबली म्हणून मी हसवू शकले. आमच्याकडे याला फीड देणं म्हणतात. या धंद्यात कोण टिकतं असं मला कुणी विचारलं तर मी फीड देणाऱ्याचं नाव घेते. पंच, म्हणजे हशा आणणारं वाक्य, मारणारे पुष्कळ येतात. समोरच्याचा पंच उभा करून देणारा मिळाला की लेखक त्याला पुढच्या स्किटमध्ये पुन्हा लिहितो, सहकलाकार दिग्दर्शकाकडे त्याचं नाव सुचवतात. माझं निम्म्याहून जास्त काम असं आलंय.

आता टीव्हीवर हेच कसं बदलतं ते ऐक, कारण तू एकांकिकेतून येतोयस आणि तुला पहिला धक्का इथेच बसेल. नाटकात प्रेक्षकाची नजर तू वळवतोस. स्किटच्या शूटिंगला चारपाच कॅमेरे असतात आणि कुठल्या क्षणी कोण दिसणार हे पीसीआरमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, बसलेला दिग्दर्शक आणि नंतर एडिटर ठरवतो. तोच वाटीचा प्रसंग मी पुढे एका कार्यक्रमात केला. सेटवर सगळे हसले. टेलिकास्टला बघते तर माझ्या नजरेच्या वेळी पडद्यावर वहिनीचा चेहरा, आणि मी दिसले ती थेट वाक्यावर. पंच गेला. दोष कॅमेऱ्यावाल्याचा नव्हता. कॅमेरा रिहर्सलला मी ते बघणं केलंच नव्हतं, नुसतं वाक्य म्हणून पुढे सरकले होते. मी वाटीकडे बघणार आहे हे त्याला कळणार कसं? तेव्हापासून रिहर्सलला मी प्रत्येक पॉज पूर्ण लांबीचा घेते आणि जाऊन सांगते, "माझ्या वाक्याआधी एक नजर आहे, तेवढी धरा." नवीन मुलांना हे सांगायला संकोच वाटतो. तू संकोचू नकोस. एडिटला हशा नंतर भरता येतो, पण तू न दिलेली नजर कुठून आणणार?

आणखी एक. नाटकात हशा आला की आपण थांबतो, तो शिखरावरून उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. पूर्ण संपेपर्यंत थांबलं तर लय पडते, लवकर बोललं तर वाक्य बुडतं. टीव्हीवर समोर परीक्षक, युनिट आणि असलेच तर थोडे प्रेक्षक, त्यांचं हसणं वेगळं. ते कधीकधी तुला ओळखतात म्हणून हसतात. त्या हसण्यावर लय बांधलीस तर घरी बसून बघणाऱ्याला सगळं रेंगाळलेलं वाटतं. म्हणून नाटक सोडू नकोस. खरा हशा कानाला आठवत राहायला हवा.

सराव कुठे करायचा ते विचारलं नाहीस, पण सांगते. आपल्याकडे जागा पुष्कळ आहेत. तुझ्या घराजवळ वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, इकडे ठाण्यात तलावपाळीचं गडकरी रंगायतन आणि मानपाड्याकडचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. रंगायतन १९७८ सालचं, माझी शाळाच ती. तिथे एकच विनोदी नाटक तीन वेळा बघ. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून. दुसऱ्यांदा वही घेऊन, हशा नेमका कुठल्या शब्दावर आला ते टिपत. तिसऱ्यांदा, ज्याला हशा मिळतो त्याच्याकडे न बघता त्याच्या समोरचा काय करतोय ते बघ. तिसऱ्या वेळी जे दिसतं ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळत नाही. नौपाड्यात किरण नाकतींनी चालवलेला अभिनय कट्टा आहे, तिथे नवीन मुलं प्रेक्षकांसमोर उभी राहतात. जोशी-बेडेकर आणि ज्ञानसाधनाची मुलं एकांकिका स्पर्धांत काय ताकदीने उतरतात हे तू जाणतोसच.

आणि तुझी भाषा. तू लिहिलंयस की तालमीत तुझे सातारी हेल येतात म्हणून एकदा कुणीतरी हसलं आणि तू ते घालवायचा प्रयत्न करतोयस. घालवू नकोस. माथाडी वसाहतीत तू वाढलास, गावाकडचं बोलणं आणि मुंबईतलं बोलणं एकाच घरात ऐकलंस. मार्केटमध्ये पहाटे गाडी रिकामी करताना माणसं एकमेकांना काय हाका मारतात, पगाराच्या दिवशी कसा आवाज बदलतो, ते तुझ्याकडे आहे आणि माझ्यासारख्या नौपाड्यात वाढलेल्या बाईकडे नाही. विनोदी कलाकार गौरव मोरेने पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव अभिमानाने महाराष्ट्रभर नेलं, ते तो तिथला होता म्हणूनच. फक्त प्रमाण भाषाही स्वच्छ बोलता यायला हवी, म्हणजे सातारी बोलणं ही तुझी निवड राहील. नाहीतर पुढची पाच वर्षं गावाकडचा गडी, शिपाई आणि वॉचमन एवढंच वाट्याला येतं.

आता पैसे. इथे कुणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून नीट वाच.

टीव्हीत पैसे दिवसावर किंवा एपिसोडवर ठरतात आणि हातात साधारण नव्वद दिवसांनी येतात. जूनमध्ये शूट केलंस, महिनाअखेरीस बिल दिलंस, तर सप्टेंबर संपताना किंवा ऑक्टोबरमध्ये पहिली रक्कम खात्यात दिसेल. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापलेला असेल. आयकराचं रिटर्न भरलंस तर हिशेबात धरला जातो, जास्तीचा परत मिळतो. नवीन मुलं रिटर्नच भरत नाहीत आणि आपलेच पैसे सोडून देतात. वर्षाची कमाई वीस लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते, तो दिवस तुझ्या आयुष्यात लवकर येवो. पण आज तुझ्यासाठी महत्त्वाचे ते नव्वद दिवस. त्या काळात घोडबंदर रोडचं रिक्षाभाडं, कपडे, मोबाईल, घरात द्यायचे पैसे, सगळं तुझ्या खिशातून जाणार.

माझे एकदा संपूर्ण चार महिन्यांचे पैसे बुडाले. मालिका अचानक बंद झाली, निर्मात्याने ऑफिस हलवलं, फोन उचलणं बंद केलं. माझ्याकडे लेखी काय होतं? काही नाही. ओळखीतलं काम म्हणून करारच केला नव्हता. मुलीची शाळेची फी मी तेव्हा बहिणीकडून घेऊन भरली. त्यानंतर मी एकही दिवस करारावर सही केल्याशिवाय मेकअपला बसलेली नाही. सिन्टा या कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व घे, वाद झाला तर निदान दार ठोठवायला जागा असते. आणि ऑडिशनसाठी, कार्डासाठी, ‘प्रोफाइल पुढे पाठवण्यासाठी’ कुणी पैसे मागितले तर तिथून उठून ये. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नाही. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन काम झाल्यावर, आलेल्या पैशातून जातं.

तुझा करार मी बघितलेला नाही, पण तीन गोष्टी त्यात शोध. पहिली, या पर्वात आणि नंतर किती दिवस दुसऱ्या वाहिनीवर काम करता येणार नाही. दुसरी, नाटकाच्या प्रयोगांना मोकळीक आहे का. ती लिहून घे, तोंडी नको. तिसरी, तू उभं केलेलं पात्र कुणाच्या मालकीचं. बहुतेक करारांत ते निर्मात्याचं किंवा वाहिनीचं असतं. म्हणजे तुझं पात्र गाजलं, गणपतीत किंवा दहीहंडीला कुठल्या मंडळाने बोलावलं, तर त्या पात्राच्या वेशात तुला परवानगीशिवाय जाता येत नाही. आम्ही या कार्यक्रमांना सुपारी म्हणतो. विनोदी कलाकाराची वर्षाची बरीच कमाई त्या सुपाऱ्यांतून होते, म्हणून हा मुद्दा छोटा नाही.

किती वर्षं चालतं, हा तुझा तिसरा प्रश्न. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. ‘गजरा’, ‘चिमणराव’ या कार्यक्रमांच्या काळातली कलाकार मंडळी टीव्हीवर पोट चालवत नव्हती, नोकरी सांभाळून करत होती. अशोक सराफांनी दहाएक वर्षं स्टेट बँकेत नोकरी केली आणि त्याच काळात रंगभूमीवर उभे राहिले, हे तुझ्या वडिलांना जरूर सांग. १९९९ला अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, आली तसं चित्र बदललं, पुढे २०१०ला ‘फू बाई फू’, २०१४ला ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. स्किट करणाऱ्या माणसाला नियमित काम आणि घराघरांत ओळख मिळायला लागली ती या पंधरा वर्षांत. ‘चला हवा येऊ द्या’ जवळजवळ दहा वर्षं चालला. असं फार क्वचित होतं. बहुतेक कार्यक्रम एकदोन पर्वांत मिटतात आणि दर गुरुवारी येणारा टीआरपी तुझ्या हातात नसतो.

म्हणून कार्यक्रम किती वर्षं चालेल हे सोड, तू किती प्रकारची माणसं उभी करू शकतोस ते बघ. दिलीप प्रभावळकर सत्तरच्या दशकात चिमणराव होते आणि २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मध्ये आबा झाले. मध्ये पंचवीसेक वर्षं, आणि दोन्ही पात्रांत त्यांचा आवाज, चाल, मान धरण्याची पद्धत, काहीच सारखं नाही. सतीश शाहांनी १९८४च्या ‘ये जो है जिंदगी’ मध्ये दर भागात नवा माणूस केला. विशाखा सुभेदार २०२२ला हास्यजत्रेतून बाहेर पडल्या आणि पुढे ‘शुभविवाह’ मालिकेत त्यांनी खलनायिका उभी केली. माझ्या मते हसवणाऱ्या माणसाला खलपात्र सोपं जातं, कारण समोरच्याला नेमकं कुठे लागतं हे त्याला आधीच कळलेलं असतं. पण कार्यक्रम जोरात असताना हे धाडस कमी लोक करतात.

मधल्या रिकाम्या काळाचंही सांगते. एक कार्यक्रम बंद झाल्यावर मला पावणेदोन वर्षं टीव्हीचं काम नव्हतं. उन्हाळ्यात बालनाट्यं केली, डबिंग केलं, सोसायट्यांच्या गणपतीत मुलांची नाटकं बसवली. लोक रिक्षात ओळखायचे, "हल्ली दिसत नाही तुम्ही?" असं विचारायचे आणि मी हसून उत्तर द्यायचे. कोरोनात तर २०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. जूनमध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हा पासष्टच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायलाच बंदी होती. ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. मला फीड देणं शिकवणाऱ्या त्या बाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. दोन महिने त्या मला रोज संध्याकाळी फोन करायच्या आणि आम्ही जुन्या नाटकाचे सीन फोनवर म्हणायचो, जिभेला गंज चढू नये म्हणून.

एक गोष्ट मात्र पहिल्या महिन्यातच ठरव. तुझ्या शरीरावर, रंगावर, दातांवर विनोद लिहिले जातील. तू सावळा आणि बारीक आहेस असं तूच लिहिलंयस, म्हणजे लिहिले जाणारच. मी जाड. सुरुवातीला मला एका कार्यक्रमात प्रत्येक भागात एकाच वस्तूची उपमा द्यायचे. हशा यायचा, मीही चालवून घेतलं. मग माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, "आई, मलापण तेच म्हणतात." दुसऱ्या दिवशी मी लेखकाकडे गेले. भांडले नाही. म्हटलं, ही बाई जाड राहू दे, पण खोलीत सगळ्यात आधी डोकं हिचं चालतं असं लिहून बघ. त्या मुलाने खरंच लिहिलं, आणि ते पात्र आणखी दोन पर्वं चाललं. लेखकही दर आठवड्याला नवीन स्किट देऊन थकलेला असतो, हाताशी येईल ते वापरतो. त्याला चांगलं काही दिलंस तर तो आनंदाने घेतो. पहाटे दोनला संहिता पाठवणारा तो माणूस तुझा सगळ्यात जवळचा सहकारी आहे, त्याच्याशी चांगला वाग.

पुरुषांनी साडी नेसून करायच्या भूमिकांबद्दलही हेच. येतील, कर, पण त्या बाईला नाव, घर, काळजी दे. नुसती साडी दाखवून मिळालेला हशा पुढच्या आठवड्यात अर्धा होतो.

दिनक्रमाचं थोडक्यात. बारा तासांची शिफ्ट, त्याआधी मेकअप, आणि गायमुख घाटात अडकलास तर प्रवासाचे तास वेगळे. बोरिवलीकडे किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत कॉल असला की मी पहाटेच निघते आणि गाडीत संहिता मोठ्याने वाचते. घसा सांभाळ, स्किटमध्ये ओरडणं फार असतं. सेटवरचं तळकट रोज खाऊ नकोस.

आता पहिला प्रश्न. नोकरी आत्ता सोडू नकोस, पण पर्वही सोडू नकोस. स्किटच्या कार्यक्रमांचं शूट बहुधा महिन्यातल्या ठरावीक दिवसांत उरकतं, तालमी धरून दहाबारा दिवस जातील. कंपनीकडे बिनपगारी रजा माग, शिफ्ट बदलून माग, टीम लीडरला खरं काय ते सांग. नाहीच जमलं आणि निवड करायची वेळ आली, तर तुझ्या घराचा नऊ महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. नव्वद दिवस पैशांची वाट बघण्याचे, तीनेक महिने पर्वाचे आणि तीन महिने पुढचं काम येईपर्यंतचे, असा माझा हिशेब आहे. तेवढे नसतील तर हे पर्व नम्रपणे नाकार, नाटक चालू ठेव आणि पैसे साठव. निवड झालेल्या मुलाला पुन्हा बोलावतात, मी अनेकदा बघितलंय. पण भाडं थकलेला कलाकार मिळेल ती भूमिका घेतो आणि त्याच भूमिकेत अडकतो, तेही मी बघितलंय.

वडील नाराज आहेत असं तू लिहिलंयस. त्यांना प्रयोगाला आण. टीव्हीची वाट बघू नकोस, वाशीला भावे नाट्यगृहात तुझा पुढचा प्रयोग असेल तेव्हा त्यांच्या कामाची वेळ बघून तारीख सांग. माझे वडील माझ्या पहिल्या तीन वर्षांत एकदाही आले नव्हते. आले तेव्हा शेवटच्या रांगेत बसले आणि मध्यंतरात शेजारच्या माणसाला म्हणाले, "ती वाटीवाली आमची."

या शनिवारी दुपारी साडेचारचा माझा प्रयोग गडकरीला आहे. तीनपासून मी आत असते. करार घेऊन ये आणि येताना तुझ्या स्किटची पहिली संहिताही आण, तुझ्या समोरच्याची वाक्यं मी वाचते.